स्पॅनिशकडे मराठीच्या वाटेने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर परदेशी भाषांच्या वर्गांचे फलक झळकू लागतात. त्यांत आता जर्मन-फ्रेंचच्या जोडीला स्पॅनिशही ठळक दिसते. याचा आनंदच आहे. वीस देशांची ही राजभाषा आहे आणि द्राक्ष, कांदा, डाळिंब, वाइन यांवर जगणाऱ्या जिल्ह्याला तिचा उपयोग कुठेही पडू शकतो. खटकते ती शिकवण्याची रीत. पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण इंग्रजी, शब्दांचे अर्थही इंग्रजी. मराठी मुलाने आधी इंग्रजीत वाक्य जुळवायचे आणि मग त्याचे स्पॅनिश करायचे. यामुळे मराठीत आयते असलेले व्याकरण त्याला परके वाटू लागते. शिवाय स्पेनच्या इतिहासातला आठव्या शतकापासूनचा अरबी थर शेवटच्या ‘संस्कृती’च्या धड्यात फ्लेमेन्को आणि बैलझुंजीच्या चित्रांखाली झाकला जातो. खरे तर या थराशी मराठीची शब्दांतून जुनी ओळख आहे. दोन्ही गोष्टींबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

उच्चारापासून सुरुवात करू. स्पॅनिशचे स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. ते नेहमी स्वच्छ उच्चारायचे, इंग्रजीसारखे घरंगळू द्यायचे नाहीत. त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य, प आणि क हे आपल्यासारखेच अल्पप्राण. म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ याला ‘तेंगो’. इंग्रजीतून शिकलेली मुले ‘टेंगो’ म्हणतात आणि तो ट पुढे वर्षानुवर्षे जात नाही. हा दोष मराठीचा नाही, मधल्या दलालाचा आहे. र एकदाच फडकला की ‘पेरो’, म्हणजे ‘पण’. तो थरथरवला की ‘पेर्रो’, म्हणजे कुत्रा. दोन्ही र आपल्या जिभेला जमतात. ‘नीञा’ (मुलगी) मधला ञ आपल्या वर्णमालेत आहेच. खरी मेहनत घशातल्या ख़सारख्या आवाजावर घ्यावी लागते. रोमन लिपीतल्या ‘जे’ अक्षराचा तो आवाज. तो जमेपर्यंत साधा ह चालतो. ब आणि व यांचा उच्चार एकच आहे, त्यामुळे ‘व’ लिहिलेले दिसले तरी ओठ ‘ब’कडे न्यावेत. पहिले दोन-तीन आठवडे शब्द देवनागरीत लिहिले तर मदतच होते. पण चौथ्या आठवड्यात ही कुबडी टाकावी, नाहीतर वाचनाचा वेग मिळत नाही.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो आघातावर. मराठीत शब्दाच्या कोणत्याही भागावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्लो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्यावर. याला अपवाद असला तर स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ असते. ती रेघ म्हणजे शोभा नव्हे. वहीत शब्द उतरवताना ती गाळली तर शब्द अर्धाच उतरला असे समजावे.

आता व्याकरण. पहिल्या महिन्यात इंग्रजी पुस्तक दोन-तीन पाने खर्चून सांगते की स्पॅनिशमध्ये आवडण्याचे क्रियापद उलटे चालते. आपल्याला यात उलटे काहीच नाही. ‘मला द्राक्ष आवडते’ म्हणजे ‘मे गुस्ता ला उबा’. ‘मला द्राक्षे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लास उबास’. क्रियापद द्राक्षांच्या मागे जाते, माणूस ‘मला’मध्ये बसतो. दुखणे, वाटणे, पुरणे, उरणे यांचीही तीच तऱ्हा. मराठी विद्यार्थ्याला हे एका तासात समजायला हवे आणि मराठीतून सांगितले तर समजतेही.

‘ला’ प्रत्ययाचे तसेच. ‘मी घर पाहतो’, पण ‘मी मुलीला पाहतो’. निर्जीव कर्माला काही लागत नाही, माणसाला ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्ये नेमके हेच: ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ ला नीञा’. हा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. ‘मुलीला पुस्तक देतो’ यातही ‘आ’, ‘नाशिकला जातो’ यातही ‘आ’. तीन ठिकाणी गाडी बिनघोर चालते आणि चौथ्या ठिकाणी घसरते. ‘मी नाशिकला राहतो’ याचे मुले ‘बिबो आ नाशिक’ करतात. राहण्याच्या जागेला ‘एन’ लागते: ‘बिबो एन नाशिक’. तसेच आपण ‘बैलाला पाहिले’ म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये पाळीव, लाडक्या जनावराखेरीज इतर प्राण्यांना हा ‘आ’ सहसा लावत नाहीत. साम्य शिकवताना ते कुठे संपते हेही त्याच तासात सांगायला हवे.

भूतकाळात मराठीची एक मोठी देणगी आहे. ‘मी दर रविवारी रामकुंडावर जायचो’ आणि ‘मी काल रामकुंडावर गेलो’ यातला भेद आपण लहानपणापासून पाळतो. पहिला ‘इबा’, दुसरा ‘फुई’. इंग्रजी दोन्हीकडे एकच रूप चालवून घेते, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा धडा डोंगर वाटतो. पण भूतकाळातच आपला एक खड्डाही आहे. ‘तिने पत्र लिहिले, तिने चिठ्ठी लिहिली’ असे आपले क्रियापद कर्माकडे वळते. स्पॅनिशमध्ये ते कर्त्याशीच राहते आणि त्याला लिंग नसते. तो गेला काय, ती गेली काय, दोन्ही ‘फुए’. लिंग दिसते ते विशेषणात: तो दमलाय ‘एस्ता कान्सादो’, ती दमलीय ‘एस्ता कान्सादा’. लिंगे दोनच आहेत, तरी नाम शिकताना आधीचे ‘एल’ किंवा ‘ला’ सोबतच पाठ करावे. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे ‘ला मानो’ स्त्रीलिंगी. ‘एल दीआ’ (दिवस), ‘एल मापा’, ‘एल प्रोब्लेमा’ शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी आहेत.

आपल्या ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि इथे मराठी फारशी मदत करत नाही. द्राक्षबागेतले उदाहरण मात्र पक्के बसते. ‘ला उबा एस बेर्दे’ म्हणजे ही जात हिरव्या द्राक्षाची. ‘ला उबा एस्ता बेर्दे’ म्हणजे द्राक्ष अजून कच्चे आहे, साखर भरायची आहे. निर्यातीच्या बोलण्यात हे दोन शब्द अदलाबदल झाले तर ग्राहकाला माल तयार नाही असे वाटेल.

विध्यर्थाला सगळे घाबरतात. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातला ‘यावे’ म्हणजे ‘किएरो के बेंगा’ मधला ‘बेंगा’. ‘पाऊस पडो!’ यातला ‘पडो’ म्हणजे ‘ओहाला य्वेबा’. हा ‘ओहाला’ मुळात अरबी आहे, ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ अशा अर्थाचा. रोज चर्चमध्ये जाणारी आजीसुद्धा तो दिवसातून दहा वेळा म्हणते. इथून आपण दुसऱ्या मुद्द्यावर येतो.

स्पॅनिशमध्ये अरबी मुळाचे शब्द, साधित रूपे धरून, चार हजारांच्या आसपास मोजले जातात. त्यांतल्या कित्येकांचे भाऊबंद मराठीत आहेत, कारण तेच शब्द फारसीच्या वाटेने दख्खनेत आले. ‘अदुआना’ म्हणजे जकात नाका. तोच अरबी ‘दीवान’, आपला दिवाण आणि दिवाणी. ‘अल्काल्दे’ म्हणजे महापौर. तोच ‘काजी’, ज्याच्या नावाची गढी जुन्या नाशकात गोदेच्या काठी आहे. ‘अल्मासेन’ म्हणजे गोदाम, त्याचे धातुकुळ आपल्या ‘खजिन्या’चे. ‘तारिफा’ म्हणजे दरपत्रक, ते ‘तारीफ’च्या घरातले. ‘फुलानो’ म्हणजे फलाणा, अर्थासकट जसाच्या तसा. काही शब्द तर आपल्याच बाजूने निघून गेलेले आहेत. शर्करा फारसी-अरबीतून ‘असूकार’ झाली, नारंग ‘नारान्हा’ झाले, चतुरंग शतरंज होऊन ‘अहेद्रेस’ झाले. बुद्धिबळात आपण ज्याला उंट म्हणतो त्याला स्पेनमध्ये ‘अल्फिल’ म्हणतात. अरबीत ‘अल्-फील’ म्हणजे हत्ती. नाशिकच्या मुलाने हे एकदा ऐकले की तो शब्द त्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही.

यातला ‘अल्’ का आणि कुठून, हेही सांगायला हवे. तो अरबीतला निश्चयवाचक उपपद आहे. आंदालुसमधल्या (मुसलमान सत्तेखालच्या स्पेनमधल्या) बोलण्यातून शब्द थेट घेताना तो शब्दाला चिकटूनच आला. आपल्याकडे हे शब्द फारसीतून आले म्हणून ‘अल्’ मागे राहिला: तिकडे अल्काल्दे, इकडे काजी. काही अक्षरांपुढे या ‘अल्’चा ल पुढच्या वर्णात विरघळतो. म्हणून ‘अस्-सुक्कर’चे असूकार, ‘अर्-रुझ्झ’चे ‘अर्रोस’ (तांदूळ), ‘अझ्-झैत’चे ‘असेइते’ (तेल). उत्साहाच्या भरात ‘अल्’ दिसला की अरबी ठरवू नये. ‘आल्मा’ (आत्मा), ‘आल्तो’ (उंच), ‘आलेग्रे’ (आनंदी) हे शुद्ध लॅटिन आहेत. खात्री करायची तर स्पॅनिश राजभाषा अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. ही अकादमी १७१३ची आहे. नोंदीच्या पहिल्याच ओळीत व्युत्पत्ती असते आणि अरबी शब्दांपुढे ‘आर. इस्प.’ म्हणजे ‘स्पेनमधली अरबी’ असा खुणेचा संक्षेप दिसतो. रोज पाच शब्द असे तपासले तर वर्षात शब्दसंग्रह आणि इतिहास दोन्ही हाती येतात.

लासलगाव-पिंपळगावला कांद्याचा भाव ज्या क्विंटलवर बोलला जातो, तो शब्दही याच रस्त्याचा. लॅटिनमधला ‘शंभराचा’ अर्थ अरबीत ‘किंतार’ झाला, स्पेनमध्ये ‘किंताल’. जुना कास्तीली (स्पेनमधल्या कास्तील या ख्रिस्ती राज्यातला) किंताल १०० लिब्रांचा, म्हणजे सुमारे ४६ किलोचा. १०० किलोचा क्विंटल ही मेट्रिक मापाची देणगी. त्या जुन्या किंतालाचा चौथा हिस्सा म्हणजे ‘अर्रोबा’, अरबीत ‘रुब्’ म्हणजे पाव. ई-मेलच्या पत्त्यातल्या गोल चिन्हाला स्पॅनिशमध्ये आजही अर्रोबाच म्हणतात. निर्यातदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात. पत्रात ‘१.५०० किलो’ दिसले तर तो दीड किलो नव्हे, दीड हजार किलो. आणि ‘बियोन’ म्हणजे शंभर कोटी नव्हे, एक लाख कोटी. शंभर कोटीला ‘मिल मियोनेस’ म्हणतात.

पण या शब्दांचा खरा कस लागतो तो पाण्यात. स्पॅनिशमध्ये पाट म्हणजे ‘असेकिया’, बंधारा म्हणजे ‘असुद’, पाण्याचे टाके म्हणजे ‘अल्हिबे’, तळे म्हणजे ‘अल्बेर्का’, रहाट म्हणजे ‘नोरिया’. पाचही शब्द अरबी. ‘असेकिया’चे मूळ ‘साकिया’, म्हणजे पाणी पाजणारी. साकी याच धातूचा. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, धुळ्याकडे पांझरेवर जी फड पद्धत आहे, तिच्याशी हे सगळे ताडून पाहावे. बंधारा, पाट, चारी, फड. पाणी सोडणारा पाटकरी. हिशेब गावकऱ्यांच्या हातात. व्हॅलेन्सियात तुरिया नदीच्या आठ पाटांचे आठ प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’त बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी सोडवतात. वकील नाही, कज्जेदलाली नाही, निकाल तिथल्या तिथे, वर अपील नाही. पाणी घनमीटरवर मोजत नाहीत. नदीत जेवढे असेल त्याचा ठरलेला हिस्सा प्रत्येक पाटाला मिळतो, त्यामुळे टंचाई आली तर सगळ्यांनाच कमी येते. या न्यायासनाची सुरुवात परंपरेने दहाव्या शतकातल्या कोर्दोबाच्या खिलाफतीच्या काळात मानली जाते. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशात नोंदवले. कामकाज व्हॅलेन्सियन भाषेत चालते, स्पॅनिशमध्ये नव्हे. स्पेनमध्ये कातालान, गालिसियन, बास्क याही भाषा आहेत आणि तिथल्या माणसासमोर त्यांना ‘बोली’ म्हटले तर तो दुखावतो. सटाणा-मालेगावच्या शेतकऱ्याच्या मुलाला स्पॅनिश शिकवायला याहून चांगला धडा नाही, आणि तो एकाही क्रमिक पुस्तकात मधल्या पानावर दिसत नाही.

ग्रानादा शहरातली आल्हाम्ब्रादेखील पाण्यावरच उभी आहे. ‘अल्-हम्रा’ म्हणजे लाल वास्तू. डोंगरावरच्या या राजवाड्याला दार्रो नदीचे पाणी सुमारे ६ किलोमीटर वरून वळवून ‘राजपाटा’ने आणले गेले. तो पाट नसता तर सिंहांच्या चौकातल्या कारंज्याचे बारा सिंह कोरडे राहिले असते. तिथे जाणाऱ्यांसाठी सूचना: नासरी (ग्रानादाच्या शेवटच्या मुसलमान राजघराण्याच्या) राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती हुकली की आत सोडत नाहीत. तिकीट नावावर असते, पासपोर्ट जवळ हवा. तिकिटे आधीच संपतात, म्हणून विमानाच्या आधी आल्हाम्ब्राचे तिकीट काढावे. ग्रानादा शहराचे नाव आणि डाळिंबाचे स्पॅनिश नाव एकच असल्याने, डाळिंबावरून शहराचे नाव पडले असे कुणीही सांगते. फळाचे नाव लॅटिनमधले, दाण्यांवरून आलेले. शहराचे नाव मात्र अरबी ‘गर्नाता’वरून आले आहे आणि अरबीत डाळिंब म्हणजे ‘रुम्मान’. स्पेनच्या राजमुद्रेत तळाशी डाळिंब आहे ते ग्रानादाचे चिन्ह म्हणून.

आता इतिहास, जिथे चुका जास्त होतात. ‘मूर लोकांनी स्पेनवर आठशे वर्षे राज्य केले’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि त्यात तीन ढिलाया आहेत. मूर नावाचा एकच समाज नव्हता. ७११ मध्ये सेनापती तारिक इब्न झियादबरोबर समुद्र ओलांडलेले सैन्य बहुतांशी बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांचे होते. पुढे अरब आले आणि कालांतराने बहुसंख्या झाली ती धर्मांतरित स्थानिकांची, ज्यांना ‘मुलादी’ म्हणतात. ते स्वतःला मूर म्हणवत नव्हते. आजच्या स्पॅनिशमध्ये ‘मोरो’ हा शब्द जिवंत माणसाला उद्देशून वापरला तर तो अपमान ठरतो. इतिहासात आणि ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’सारख्या उत्सवांच्या नावात तो चालतो, रस्त्यावर नाही.

दुसरे, राज्य एक नव्हते. ७५६ मध्ये पहिल्या अब्द अर्-रहमानने कोर्दोबात उमय्या अमिरात स्थापली. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्द अर्-रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केले. १०३१ मध्ये खिलाफत मोडली आणि ‘ताइफा’ नावाची लहान राज्ये झाली. १०८५ मध्ये तोलेदो कास्तीलकडे गेले. त्यानंतर आफ्रिकेतून अल्मोराविद आणि मग अल्मोहाद या मुसलमान राजवटी आल्या. १२१२ च्या नावास दे तोलोसाच्या लढाईनंतर १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेबिया पडले. उरले फक्त ग्रानादा. त्याचा नासरी राजा पहिला मुहम्मद कास्तीलला खंडणी देत होता आणि सेबियाच्या वेढ्यात तो कास्तीलच्या राजाच्या बाजूने लढला. एल सिद हा स्पेनचा लाडका वीर सारागोसाच्या मुसलमान राजाच्या चाकरीत होता. शहाजीराजांची निजामशाही-आदिलशाहीतली कारकीर्द ज्याने वाचली आहे त्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. धर्माच्या रेषेवर सगळ्या फौजा मोजणाऱ्या पुस्तकापेक्षा तो हा काळ लवकर समजू शकतो. ‘रेकोन्किस्ता’, म्हणजे पुनर्विजय, हा शब्दही जपून वापरावा. स्पेनमधलेच इतिहासकार त्यावर भांडतात.

तिसरे, १४९२ ला गोष्ट संपत नाही. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचा शेवटचा राजा बोआब्दिल याने शहर राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदोच्या स्वाधीन केले. ३१ मार्चला यहुद्यांच्या हकालपट्टीचे फर्मान निघाले. शरणागतीच्या करारात मुसलमानांना धर्म आणि कायदा पाळण्याची हमी होती. दहा वर्षांत ती मोडली आणि १५०२ मध्ये कास्तीलमध्ये बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ‘मोरिस्को’ म्हणतात. १५६८ ते १५७१ मध्ये आल्पुहारासच्या डोंगरात त्यांचे बंड झाले आणि १६०९ ते १६१४ मध्ये सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढले. त्यांनी मागे ठेवलेल्या वह्यांत स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहिलेली आहे. तिला ‘अल्हामियादो’ म्हणतात. मोडी कागद वाचणाऱ्याला कळते की भाषा आणि लिपी या वेगळ्या गोष्टी आहेत. मोसाराबे (मुसलमान सत्तेखाली राहिलेले ख्रिस्ती) आणि मुदेहार (ख्रिस्ती सत्तेखाली राहिलेले मुसलमान) हे शब्दही परीक्षेत आणि प्रवासात सतत भेटतात आणि सतत उलटे लावले जातात. एक कागद घ्यावा, मुलादी, मोरिस्को, मोसाराबे, मुदेहार हे चारही शब्द लिहावेत, प्रत्येकापुढे कोणाची सत्ता आणि कोणता धर्म ते लिहावे. गोंधळ कायमचा मिटतो.

सन मोजताना घसरण्याची आणखी एक जागा आहे. हिजरी ९२ मध्ये ६२२ मिळवले की ७१४ येते आणि चुकते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ९२ हिजरी वर्षांत सौर वर्षे सुमारे ८९ भरतात, म्हणून ७११.

या इतिहासात भारत कुठे आहे, हे आपल्या मुलांना सांगितलेच जात नाही याची खंत वाटते. उत्तर स्पेनमधल्या एका मठात ९७६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कोदेक्स व्हिहिलानुस’ या हस्तलिखितात शून्याखेरीज नऊ अंक आहेत आणि ते भारतीयांचे म्हणून त्यांच्या बुद्धीची वाखाणणी केलेली आहे. ख्रिस्ती युरोपात सापडलेली या अंकांची ही सर्वांत जुनी नोंद. भारतीय सिद्धान्तावरून बगदादेत झालेली खगोलाची कोष्टके खगोलज्ञ मसलमा अल्-मजरीतीने कोर्दोबाच्या रेखांशाला जुळवून घेतली. त्याच्या नावातले ‘मजरीत’ म्हणजे आजचे माद्रिद. तोलेदोचा काझी साइद अल्-अंदलुसी याने १०६८ मध्ये विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांची यादी केली आणि त्यात पहिला मान भारताला दिला. पंचतंत्रातले करटक आणि दमनक पहलवी-अरबीतून फिरत १२५१ मध्ये कास्तीली भाषेत ‘कालिला ए दिम्ना’ म्हणून पोहोचले. कास्तीली गद्याच्या अगदी आरंभीच्या कथांतली ही एक. मराठी विद्यार्थ्याला जुनी स्पॅनिश वाचायची असेल तर याच कोल्ह्यांपासून सुरू करावे. कथा माहीत असल्याने अर्ध्या शब्दांना कोश लागत नाही.

जुनी नावे नव्या नावांखाली ओळखायची सवयही लावावी: इश्बीलिया सेबिया, तुलैतुला तोलेदो, सरकुस्ता सारागोसा, अल्-वादी अल्-कबीर म्हणजे ‘मोठी नदी’ ग्वादालकिबीर. ज्या गावाचे नाव काही काळ गुलशनाबाद होते त्या गावाला हे शिकवणे अवघड जाऊ नये.

परीक्षेबद्दल थोडक्यात. स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेनने काढलेल्या सेर्बान्तेस संस्थेची ‘देले’ परीक्षा ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्यांची असते आणि तिचे प्रमाणपत्र कायमचे असते. ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचे पाच वर्षे चालते. सुरुवातीच्या पातळ्यांवर देलेचे दोन गट आहेत: वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. एकात ४५ आणि दुसऱ्यात २८ मिळाले तरी नापास. आपली मुले वाचनात भरपूर मिळवतात आणि श्रवणात बुडतात, कारण वर्गात त्यांनी स्पॅनिश माणसाचा आवाज ऐकलेलाच नसतो. यावर उपाय एकच. रोज २० मिनिटे श्रुतलेखन करावे. आठ-दहा ओळींचा तुकडा तीनदा ऐकावा, लिहावा, मूळ मजकुराशी ताडावा, चुका लाल शाईने वहीच्या समासात लिहाव्यात. स्पेनच्या सार्वजनिक रेडिओवरचे दुपारी २ चे बातमीपत्र आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ६:३० ला आणि उन्हाळ्यात ५:३० ला ऐकता येते. पहिल्या महिन्यात फक्त शहरांची नावे आणि आकडे टिपावेत, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. मोबाइलवरच्या अ‍ॅपने शब्द वाढतात, कान तयार होत नाही.

तिकडे गेल्यावर ज्या दोन गोष्टी हमखास अडतात त्याही सांगतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, सहसा पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे. आपल्या तीन शब्दी नावातला मधला, वडिलांचा शब्द कारकून पहिले आडनाव म्हणून टंकतो आणि मग बँक, विद्यापीठ, निवास-परवाना सगळीकडे वेगवेगळे नाव होते. ‘दुसरे आडनाव’ हा रकाना रिकामा ठेवावा, पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव भरावे आणि पहिल्या कागदाची पोच घेतानाच तपासावे. दुसरी गोष्ट शाकाहाराची. ‘मांस नको’ एवढेच म्हटले तर ताटात हॅमचे तुकडे किंवा ट्यूना येऊ शकतो, कारण ‘कार्ने’ या शब्दात तिथले बरेच लोक ते धरत नाहीत. ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’ असे पूर्ण म्हणावे आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे हेही विचारावे. जेवण दुपारी दोननंतर, रात्रीचे नऊनंतर. सातला भूक लागली तर स्वयंपाकघर बंद असते.

नाशिकमध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या सर्वांना विनंती आहे की पहिल्या तीस तासांचे व्याकरण मराठीतून सांगावे आणि आंदालुसचा इतिहास पहिल्या महिन्यापासून शब्दांच्या सोबतीने शिकवावा. सार्वजनिक वाचनालयाने आणि तालुक्यांच्या वाचनालयांनी द्राक्ष, डाळिंब, कांदा आणि पाटपाण्याची मराठी-स्पॅनिश शब्दावली वाचकांना उपलब्ध करावी: छाटणी ‘पोदा’, कलम ‘इन्हेर्तो’, घड ‘रासिमो’, ठिबक ‘रिएगो पोर गोतेओ’, बेदाणे ‘पासास’. सुमारे दोनशे शब्दांची अशी यादी, उच्चार आणि आघाताच्या खुणांसह, आमच्याकडे तयार आहे. कोणत्याही वाचनालयाला ती विनामूल्य देऊ.

कळावे,
आपले,
स्पॅनिश शिकवणारे व अभ्यासणारे काही नाशिककर